चार की आठ

प्रताप खळदकर अंक लिहीत नसे. टूनगॅबीतल्या त्याच्या घरी फ्रिजवर एक कागद होता, कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा त्याचा. त्यावर त्याने ‘दर बुधवारी, सकाळी सातच्या आत’ असं अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याच्या बायकोच्या, पद्मावहिनींच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांवर ‘एक सकाळी, अर्धी संध्याकाळी’. कोणी फोन नंबर सांगितला तर तो सरळ फोनमध्ये टाकी, कागदावर घेत नसे. मी जन्मभर मोजणी खात्यात आकडे लिहिण्याचं काम केलेला माणूस, म्हणून माझ्या ते लक्षात आलं. कारण विचारायला मात्र मी कचरलो. असेल एखाद्याची सवय, असं स्वतःला सांगून गप्प बसलो.

खरं तर अशा माणसाने आकड्यांना भिण्याचं काहीच कारण नव्हतं. प्रताप औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडला, भोसरीच्या एका टूलरूममध्ये पंधरा वर्षं राहिला आणि अठ्ठ्याण्णव साली देश सोडून इकडे आला. सेव्हन हिल्समध्ये साचे बनवणाऱ्या एका शॉपमध्ये त्याने वीस वर्षं काढली. पोलादाच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या तर त्यांच्या जोडावरून नख फिरवून तो सांगे, ‘दोन शतांशाचा फरक आहे.’ शतांश म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. माणसाचा केस सात शतांश जाड असतो हेही त्यानेच मला सांगितलं. मी घरी येऊन स्वतःचा एक केस उपटून उजेडात धरला होता. तेव्हा माझ्या डोक्यावर थोडे होते.

आमची ओळख त्याच्या शिवीमुळे झाली. पत्नी गेल्यावर मी मुलीकडे, शुभदाकडे, राहायला आलो होतो. दुपारी घर रिकामं असायचं, म्हणून फिरायला निघायचो. एका गॅरेजचं दार उघडं होतं आणि आतून खणखणीत आवाज आला, “अरे भाड्या, बस की जागेवर!” मी दचकून थांबलो. आत एक ठेंगणा माणूस हातातल्या बेअरिंगशी बोलत होता. मला पाहून ओशाळला. म्हणाला, “या ना, बसा. तुम्हाला नाही म्हणालो.” तेव्हापासून मी त्याच्या गॅरेजमध्ये उलट्या ठेवलेल्या दुधाच्या क्रेटवर बसू लागलो. तो मला नाना म्हणू लागला.

पुढच्या वर्षी त्या गॅरेजमध्ये यतिन आला आणि त्याच्यामागून चौदा खोकी आली.

यतिन पुण्याचा, कोथरूडचा. इथे युनीत शिकायला आला, पीआर मिळून कायमचा राहिला, एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करत होता. वय तेहेतीस. ऑरेंज गावाच्या पलीकडे एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये त्याला एक सुटी झालेली मोटरसायकल सापडली होती. बोलोन्यामध्ये बनलेली, पंचाहत्तर सालची डुकाटी, नऊशे सीसीची सुपर स्पोर्ट. चाकं एकीकडे, सांगाडा एकीकडे आणि इंजिन खोक्यांत. कोणीतरी त्याला प्रतापचं नाव सांगितलं. प्रतापने पहिलं खोकं उघडलं, त्यातून दोन बोटांसारखी टोकं असलेला एक लहानसा तुकडा काढला आणि बराच वेळ हातात फिरवत राहिला.

“काका, येईल का करता?” यतिनने विचारलं.

“तू आधी चहा घे,” प्रताप म्हणाला. तो हो म्हणाला आहे हे आम्हा दोघांनाही कळलं.

मला यंत्रांतलं काही कळत नाही. जे कळलं ते प्रतापने सांगितलं म्हणून. इंजिनाच्या डोक्यात झडपा असतात, त्या उघडतात आणि मिटतात. इतर गाड्यांत झडप उघडायला एक दांडी असते आणि मिटायला स्प्रिंग. इंजिन फार जोरात पळू लागलं की स्प्रिंगला तो वेग झेपत नाही, झडप वेळेवर मिटत नाही. या गाडीत झडप मिटायलाही वेगळी दांडी दिलेली. “बुलेटमध्ये दार उघडायला माणूस ठेवलाय आणि लावायला रबर,” प्रताप म्हणाला. “इथे लावायलाही माणूस आहे. त्यामुळे दार उघडं राहिलं, अशी सबबच नाही.” दोन सिलिंडर, एक जवळजवळ आडवा आणि एक उभा, काटकोनात, म्हणजे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. वरच्या झडपांपर्यंत ताकद न्यायला साखळी नाही. उभा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना तिरक्या दातांची चक्रं. इंजिन चालू असताना त्या चक्रांचा एक बारीक, सुरेल आवाज येतो. प्रताप हे सांगताना त्याचा चेहरा एखाद्या गवयाबद्दल सांगावं तसा व्हायचा.

आणि गिअर उजव्या पायाशी. मागचा ब्रेक डावीकडे.

“हे तर बुलेटसारखंच!” प्रताप खूष झाला होता. जुन्या बुलेटला गिअर उजवीकडेच असायचा, पहिला वर, बाकीचे खाली. प्रताप भोसरीला पंधरा वर्षं बुलेटवरून गेलेला. यतिनचं शिक्षण पल्सरवरचं, तिथे सगळं उलटं. त्याने एकदा विचारलं, “काका, हे डावीकडे घेता येतं म्हणे. जोडदांड्याचं किट मिळतं.”

“मिळतं. चष्मा पण कानाला उलटा लावता येतो,” प्रताप म्हणाला. “ज्याने काढलीये त्याने विचार करून काढलीये. पाय शिकतो रे. आठ दिवसांत शिकतो.”

यतिन हसला आणि तो विषय तिथेच संपला.

अडीच वर्षं शनिवारी दुपारी हे काम चाले. मला एक वही आणि पेन्सिल दिली होती. प्रताप इंजिनात वाकून मापं सांगायचा आणि मी लिहायचो. झडपांच्या दांड्यांना योग्य फट राहावी म्हणून पोलादाच्या बारीक टिकल्या असतात, त्यांना शिम म्हणतात. कोणती शिम किती घासायची ते मी लिहायचो आणि सोमवारी प्रताप ती वही शॉपमध्ये नेऊन त्याप्रमाणे घासून आणायचा. मला फार बरं वाटायचं. निवृत्तीनंतर कोणी मला काही लिहायला सांगितलं नव्हतं.

सप्टेंबर दोन हजार अठरामध्ये गाडी चालू झाली. पाच आठवड्यांनी, ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी, यतिन पुट्टी रोडवर एका उतरत्या वळणावर सरळ गेला आणि झाडीत पडला. एकटाच होता. मागून येणाऱ्या गाडीवाल्याने फोन केला, तोवर सगळं संपलेलं होतं. पोलिसांनी टायर तपासले, ब्रेक तपासले, ठीक होते. रस्त्यावर ब्रेक मारल्याच्या खुणा नव्हत्या. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरच्या कागदात कारण ‘निश्चित करता आले नाही’ असं आलं.

मोडकी गाडी यतिनच्या बायकोने, स्पृहाने, घरी नेली नाही. “काका, तुमच्याकडेच राहू दे,” म्हणाली. मागचं चाक वाकून सांगाड्यात रुतलं होतं, फिरत नव्हतं. आम्ही चौघांनी ती उचलून गॅरेजमध्ये ठेवली. प्रतापने तिच्यावर एक सोलापुरी चादर टाकली आणि त्या दिवसापासून त्याची स्वतःची कार रस्त्यावर उभी राहू लागली.

सहा वर्षं तो गाडीला हात लावत नव्हता आणि गॅरेज सोडतही नव्हता. मी जायचो, क्रेटवर बसायचो. तो कोणाचं लॉनमोवर, कोणाचं शिवणयंत्र दुरुस्त करत असायचा. जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, दुपारी तीनला पत्रा तापला की वर टक, टक असं वाजायचं. प्रतापचे हात थांबायचे.

“ऐकलंत?”

“पत्रा तापलाय रे.”

“पत्रा नाही. मागचा सिलिंडर. इनलेटची झडप.” आणि तो चादरीकडे बघत राहायचा.

पहिल्यांदा मला हसू आलं होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात मलाही तो आवाज पत्र्यातून न येता चादरीखालून येतो असं वाटू लागलं. मी तिकडे पाठ करून बसायला लागलो, मग पाठ केल्यावर जास्त ऐकू यायला लागलं. पद्मावहिनी एकदा चहा देताना म्हणाल्या, “नाना, आमच्या घरात तीन माणसं राहतात. दोघं जेवतात.” त्या विनोदाने बोलल्या, पण कप ठेवून ताबडतोब आत गेल्या. गॅरेजमध्ये त्या कधी थांबत नसत.

गेल्या नोव्हेंबरमध्ये स्पृहा आली. ती मायनिंग इंजिनिअर आहे. कालगुर्लीच्या एका खाणीत तिला नोकरी मिळाली होती, घर विकलं होतं, दहा दिवसांत जायचं होतं. आता चाळिशीला आलेली, केस बारीक कापलेले. ती गॅरेजच्या उंबऱ्यावरच उभी राहिली.

“काका, मेलबर्नचा एक माणूस आहे. त्याला आहे तशी हवीये. इंजिन नंबर आणि फ्रेम नंबर जुळतात म्हणून. पुढच्या सोमवारी ट्रेलर पाठवतोय.”

“सोमवारी,” प्रताप म्हणाला.

“तुम्हाला पण गॅरेज मोकळं होईल. सहा वर्षं झाली, मला लाज वाटते.”

“एक आठवडा आहे ना? मी जरा... पुसून देतो.”

“पुसून काय करायचंय, तो सगळं उघडणारच आहे. म्हणाला, स्ट्रिप करून पुन्हा बांधणार.”

ती गेली.  मग प्रतापने ड्रॉवरच्या तळातून एक वही काढली. माझी वही. सहा वर्षांत मी तिचा विचारही केला नव्हता. त्याने एक पान उघडून माझ्यासमोर धरलं.

“नाना, हा आकडा वाचा.”

माझं अक्षर होतं. ‘मागचा सिलिंडर, इनलेट, मिटण्याची बाजू, घासणे’, आणि पुढे शून्य, टिंब, शून्य आणि एक आकडा. मी चष्मा पुसला.

“चार,” मी म्हणालो.

“नक्की?”

मी पुन्हा पाहिलं. मोजणी खात्यात आम्ही सगळे आकडे मराठीत लिहायचो. इथे आल्यावर नातवाला माझे आकडे वाचता येईनात, म्हणून मी इंग्रजीत लिहायचा प्रयत्न करू लागलो होतो. त्या पानावर काही आकडे मराठीत होते आणि काही इंग्रजीत. शून्य तर दोन्हीकडे सारखंच. तो शेवटचा आकडा मराठी चार असू शकत होता. इंग्रजी आठही असू शकत होता, घाईत काढलेला, वरून न मिटलेला. वरच्या टोकाशी ऑइलचा डाग होता.

“मी चार वाचला,” प्रताप म्हणाला. “चारच घासलं. तो गेल्यावर पंधरा दिवसांनी ही वही हातात आली आणि मला आठ दिसला. मग कधी चार दिसतो, कधी आठ.”

“पण आठ असता तर?”

“तर दांडी चार शतांशाने आवळलेली राहिली. अर्धा केस. थंड असताना कळत नाही. तापल्यावर ताण येतो, दांडी तुटते, झडप उघडी राहते, पिस्टन तिच्यावर आपटतो. इंजिन जागच्या जागी जाम. मागचं चाक जाम. वळणात.”

“लावल्यावर तू पुन्हा मोजलं असशील ना?”

“नेहमी मोजतो. त्या दिवशी मोजलं का?” त्याने मान हलवली. “इतक्या वेळा आठवलंय नाना, की आता मोजताना मी स्वतःला दिसतो. पण ते खरं का मी नंतर घातलेलं, कळत नाही.”

“उघडून का नाही बघितलं?”

“आठ निघाला असता म्हणजे?”

आणि एवढं सगळं होऊन तो सहा वर्षं मला काही बोलला नव्हता. आकडा माझ्या हातचा होता. रोज मी त्या क्रेटवर बसून त्याचा चहा प्यायलो होतो आणि त्याने एकदाही वही काढली नव्हती. मी म्हणालो, “अरे, मला सांगायचं तरी.” तो म्हणाला, “तुम्हाला सांगून काय, आपण दोघं जागे राहिलो असतो.”

त्यानंतरचे पाच दिवस माझे कसे गेले ते मी लिहीत नाही. मी मुलीच्या घरी प्रत्येक कागदावर माझे आठ शोधत होतो. सगळे वरून उघडे होते.

शनिवारी दुपारी प्रतापने चादर काढली. मागचं चाक रुतलेलं, म्हणून त्याच्याकडे जाणारी साखळी कापून बाजूला केली. मग स्पार्क प्लग काढले, सिलिंडरच्या डोक्यावरची झाकणं काढली. आत ऑइल अजून मधाच्या रंगाचं होतं. मला उठून जावंसं वाटत होतं. त्याने इंजिनाच्या मुख्य दांड्याला पाना लावून हळूच फिरवलं. ते फिरलं. कुठेही अडकलं नाही. त्याचा श्वास मला ऐकू आला.

“जाम नाही,” मी म्हणालो.

“थांबा.”

त्याने मागच्या सिलिंडरची झडप जागेवर आणली आणि फटीत मापाची पट्टी सरकवली. “तीनची जाते.” दुसरी पट्टी घेतली. “चारची अडकते. म्हणजे हवी तेवढी फट आहे.” त्याने पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. मग टॉर्च माझ्या हातात देऊन दांडीवरून नख फिरवलं, जसं तो पट्ट्यांवरून फिरवायचा. “डाग नाही. ताण नाही. नाना, चार होता. तुम्ही चारच लिहिला होता.”

 त्याने आत हाक मारली, “पद्मा!” वहिनी दारापर्यंत आल्या, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “सुटलात?”

“सुटलो.”

त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मग लगेच म्हणाल्या, “आता तरी ती कार आत घ्या. दर वर्षी तिच्यावर पडलेली मेपलची पानं माझ्याच्याने झाडवत नाहीत.” आम्ही तिघंही हसलो. त्या गॅरेजमध्ये वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा थांबल्या.

प्रतापने तिथेच सोडायला हवं होतं. पण त्याची कामाची रीत अशी की चार झडपा असतील तर चारही मोजायच्या. पुढचा सिलिंडर जागेवर आणायला त्याने पुन्हा पाना लावला. फिरवता फिरवता त्याचा हात थांबला. तो साखळीच्या पुढच्या चक्राकडे बघत होता. इंजिनाबरोबर तेही फिरत होतं.

“नाना, खडू घ्या. ह्या वरच्या दातावर खूण करा.” मी केली. “मी फिरवतो. खूण पुन्हा वर आली की सांगा.”

“आली.”

“मी किती फेरे दिले?”

“दोन. दोनला जरा कमीच.”

“पुन्हा.”

पुन्हा तेच. दोनला जरा कमी. तो पाना धरून बसून राहिला.

“गिअर जितका वरचा तितके फेरे कमी. दुसऱ्या गिअरमध्ये असती तर जवळजवळ चार फेरे लागले असते,” तो म्हणाला. “ही पाचव्यात आहे.”

“मग?”

“त्या वळणाला ताशी पस्तीसची पाटी आहे. मी जाऊन बघून आलोय. तिथे दुसरा लागतो, फार तर तिसरा. पाचव्यात तिथे कोणी जात नाही.”

मी म्हणालो, पडल्यावर बदलला असेल, उचलताना कोणाचा पाय लागला असेल. तो माझ्याकडे न बघता बोलत होता. मागचं चाक तेव्हाच रुतलं होतं. चाक फिरल्याशिवाय उभ्या गाडीत इतके गिअर पडत नाहीत. आणि गाडी डाव्या अंगावर पडलेली, लिव्हर उजवीकडे. धक्का लागला असता तरी एकच गिअर बदलतो. एका दाबाला एक. लिव्हर वर यावा लागतो, मग पुन्हा दाबायचा.

“त्याने दाबला,” प्रताप म्हणाला. “दोनदा, तीनदा. उजव्या पायाने. ब्रेक समजून.”

वहिनी दारात तशाच उभ्या होत्या.

“पुढचा ब्रेक असतो ना हाताशी?” मी विचारलं.

“आपण पुण्यात पुढचा ब्रेक कधी दाबतो? जोरात दाबलास तर डोक्यावरून फेकला जाशील, हेच शिकवलंय सगळ्यांना. आपली गाडी पाय थांबवतो. घाबरला की पाय जुन्या जागी जातो. जितका दाबला तितका वरचा गिअर पडत गेला. गाडी मोकळी सुटली.” मग तो म्हणाला, “माझा पाय बरोबर गेला असता. मी बुलेटवाला. म्हणून मला त्याचं म्हणणं कळलंच नाही. त्याने विचारलं होतं, नाना. तुम्ही इथेच बसला होतात. मी त्याची चेष्टा केली.”

मला ते सगळं शब्दन् शब्द आठवत होतं. 

वहिनी म्हणाल्या, “हे तिला सांगायची गरज नाही. आकडा बरोबर निघाला, देवाची कृपा. सोमवारी ट्रेलर येईल, गाडी जाईल. सहा वर्षांनी तिच्या डोक्यात हे कशाला घालायचं?”

“आकड्याचं माझं आणि नानांचं होतं,” प्रताप म्हणाला. “हे तिचं आहे.”

“ती तुम्हाला कधी माफ करणार नाही.”

“नको करू दे.”

रविवारी दुपारी स्पृहा आली. प्रतापने तिला आत बसायला सांगितलं तर ती म्हणाली, “इथेच बोला.” त्याने आधी वही दाखवली, आकड्याचं सांगितलं. ती ऐकत होती, पण कुठे चाललंय हे तिला कळत नसावं. मग त्याने पाना लावून फिरवलं, खडूची खूण दाखवली आणि गिअरचं सांगितलं. शेवटी किटचं सांगितलं. “त्याने मागितलं होतं. मी नाही म्हणालो. डिझाइन बिघडतं म्हणून.”

 स्पृहा त्या खडूच्या खुणेकडे बघत होती.

“म्हणजे त्याने ब्रेक मारला,” ती म्हणाली.

“मारला. चुकीच्या जागी मारला.”

“नाही, थांबा. काका, नीट सांगा. त्याने ब्रेक मारायचा प्रयत्न केला. हे नक्की?”

“नक्की. एकदाच पडला असता तर मी म्हणालो नसतो. निदान दोनदा दाबलाय. तिसऱ्यांदाही असेल.”

 मी क्रेटवरून उठलो आणि ती तिथे बसली.

“रस्त्यावर खुणा नव्हत्या,” ती म्हणाली. “पोलिसांनी तीन वेळा विचारलं मला. घरी काही झालं होतं का, मूड कसा होता. त्या सकाळी भांडण झालं होतं आमचं. काही मोठं नाही. दर रविवारी गाडी घेऊन जातोस म्हणून. मी म्हणाले, मग तिच्याकडेच राहा. तो हसला पण नाही, हेल्मेट घेऊन गेला.” तिने दोन्ही हात गुडघ्यांत धरले. “कोणी माझ्याशी उघड बोललं नाही. पण मला वाटत होतं की त्याने ब्रेक मारलाच नाही. मुद्दाम. सहा वर्षं मला हेच वाटत होतं.”

 प्रतापने सहा वर्षं इंजिन उघडलं नव्हतं, ते फक्त स्वतःला भिऊन. त्याच गॅरेजमध्ये, त्याच चादरीखाली, तिचं उत्तर होतं. हे त्याच्या चेहऱ्यावर आलेलं मी पाहिलं. मला दुसरीकडे बघावं लागलं.

“बाळा, मी...”

“नको,” स्पृहा म्हणाली. “त्या किटचं आणि ह्या सहा वर्षांचं मला तुमच्याशी बोलायचंय. खूप बोलायचंय. आज नाही.” तिने डोळे पुसले, मोबाइल काढला आणि घड्याळ पाहिलं. “तिकडे सकाळचे नऊ वाजलेत. आई उठलेल्या असतील.”

आई म्हणजे यतिनच्या आई, शोभाताई. कोथरूडला एकट्या राहतात. दोन हजार एकोणीस साली एकदा येऊन गेल्या होत्या, तेव्हा मी त्यांना पाहिलं होतं. त्यांनी गाडीबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. चादर उचलून बघितलीही नव्हती.

“त्यांनाही तेच वाटतं,” स्पृहा म्हणाली. “कधी बोलल्या नाहीत. पण दर वर्षी त्याच्या तिथीला फोन केला की विचारतात, तुमचं सगळं ठीक होतं ना गं? मी काय सांगणार?”

तिने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आवाज आला, “बोल गं. आज सकाळीच? बरी आहेस ना?”

“आई, बसा तुम्ही. गॅस बंद करा आधी.”

“काय झालं?”

“वाईट काही नाही. प्रतापकाका बोलतात तुमच्याशी. ज्यांनी गाडी बांधली ते.”

फोन तिने प्रतापसमोर धरला. त्याचे हात ऑइलने माखलेले होते. त्याने ते पँटला पुसले, तरी फोन घेतला नाही. ती धरूनच राहिली. शेवटी तो खाली वाकला, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा.

“शोभाताई, मी प्रताप खळदकर. यतिनने ब्रेक मारला होता. हे मला सांगायला सहा वर्षं उशीर झाला. त्याने वाचायचा प्रयत्न केला. त्याचा पाय चुकीच्या बाजूला गेला, आणि ती बाजू मी बदलून द्यायला हवी होती. दिली नाही.”

 स्पृहाने फोन दोन्ही हातांनी धरला.

“कुठला पाय म्हणालात?” शोभाताईंनी विचारलं.

“उजवा.”

“आणि किती वेळा?”

“दोनदा नक्की. तीनदा असेल.”

“हं,” त्या म्हणाल्या. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “आता पहिल्यापासून सांगा. सावकाश सांगा. मला गाडीतलं काही कळत नाही.”

प्रताप जमिनीवर मांडी घालून बसला आणि सांगू लागला.